रेक्टरला कोण नेमतं

मेलवीदी, तंजावूर
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप शेषम्मा मावशी,

तुझ्या पायांवर माझं डोकं, आणि नित्याचंही. (तिचं मी धरून टेकवलं. ती पत्राचा कोपरा खात होती, तो फाटका दिसेल, त्याला तीच कारण.) गुडघा कसा आहे? तेल लावतेस, का नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? कान तसाच असणार, म्हणून फोन न करता लिहितेय. मागच्या वेळी मी फोनवर नित्याला दात आला म्हटलं आणि तू शेजारपाजारच्यांना सांगितलंस की हरिताचा दात पडला.

आधी तुझे उपकार मानते, मग बाकीचं. लहानपणी तू मला पायरीवर बसवून ही मराठी अक्षरं शिकवलीस तेव्हा मी रडायची, तंजावुरात ह्याचा उपयोग काय म्हणायची. उपयोग आत्ता कळला. मी मामंजींच्या समोर बसून त्यांच्याबद्दलच लिहितेय आणि त्यांना ह्यातलं एक अक्षर लागत नाही. बोलतात आपल्यासारखंच, पण वाचतात तमिळ नाहीतर इंग्लिश. काय लिहितेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाठ लिहून काढतेय. इतके खूश झाले की चष्मा पुसून पुन्हा लावला. हा पाठ कसला, तेच तुला सांगायचंय.

तुझा जावई स्वीडनला गेला ते तुला माहीत आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात लाकडाच्या लगद्यावर काहीतरी शोधतात. (काय शोधतात ते मला तीनदा सांगितलं. लगदा एवढंच राहिलं.) आता मी नित्याला घेऊन तिकडं जायचं. मावशी, तुझ्यापासून काय लपवू, मला इतकी भीती वाटत होती की स्वीडन शब्द ऐकला की मी नळ मोठा सोडायची. तिथं थंडीच्या दिवसांत सूर्य दुपारीच मावळतो म्हणे. मग पोरीला संध्याकाळचा दिवा कधी दाखवायचा? ताप आला तर कुणाला हाक मारायची? आपल्या इथं नुसतं खोकलं की समोरची कामाक्षी सुंठ घेऊन येते. आणि सगळ्यात मोठी भीती, मला कुणी काही विचारलं तर? आठवीपर्यंत शाळेत उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून तर नववीला गेले नाही.

हे मी मामंजींना सांगितलं, तीच चूक झाली. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, जन्म कलेक्टर ऑफिसात गेला, शिरस्तेदार होऊन रिटायर झाले. त्यांच्या मते जगात जे काही मिळतं ते परीक्षा देऊन मिळतं. नोकरी परीक्षेनं, बढती खात्याच्या परीक्षेनं, मग परदेश काय फुकट मिळणार? ते म्हणाले, चेन्नईच्या व्हिसा ऑफिसात अंगठे घ्यायला बोलावतील तेव्हा तुला विद्यापीठाबद्दल विचारणार. इतिहास आणि रचना, दोन्ही. तोंडी. मी म्हटलं, मी कुठं शिकायला चाललेय, मी पोर सांभाळायला चाललेय. ते म्हणाले, शिपायाच्या परीक्षेलाही राज्यपाल कोण ते विचारतात.

आधी ते त्या विद्यापीठाला कुठलं तरी प्रायव्हेट कॉलेज समजत होते आणि मुलगा फुकट गेला म्हणत होते. ह्यांनी फोनवर समजावलं की नाही अप्पा, ते सरकारचंच एक खातं आहे, तिथले मास्तर सरकारी नोकर. हे ऐकल्यावर मामंजी खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणाला मान दिला देव जाणे, समोर फक्त मिक्सर होता.

दुसऱ्या दिवसापासून माझा अभ्यास सुरू. मी डोशाचं पीठ वाटतेय आणि हे दारात उभे. विद्यापीठाच्या आधी तिथं काय होतं? मास्तर तयार करायची शाळा. मग? मग लांबच्या एका जुन्या मोठ्या विद्यापीठाची फांदी. मग? मग स्वतःचं कॉलेज. मग शेजारच्या गावचं कॉलेज त्यात मिळवलं, आणि मग कुठं सरकारनं विद्यापीठ म्हटलं. (दोन गावांचं एक करताना नाव कुणाचं लावायचं ह्यावरून फार दिवस अबोला होता म्हणे. शेवटी दोघांचंही लावलं नाही. मामंजी म्हणाले, तंजावूर आणि कुंभकोणमचं एक केलं असतं तर ऑफिस मधल्या पापनाशमला ठेवावं लागलं असतं. म्हणजे तुझ्या अंगणात, मावशी.)

रचना जास्त अवघड. त्यासाठी त्यांनी मी रोज दारात कोलम, म्हणजे रांगोळी काढते ते पीठ घेतलं आणि ओसरीवर सगळं विद्यापीठ काढलं. वर सरकार. त्याखाली बोर्ड. बोर्डाखाली रेक्टर, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा साहेब. मग विद्याशाखा, मग विभाग, आणि एकदम खाली, पायरीजवळ, एक टिंब. ते तुझे यजमान, म्हणाले. मला दोन दिवस ते टिंब ओलांडवेना, वळसा घालून नळावर जात होते. नित्याला असलं काही नव्हतं. ती रांगत गेली, रेक्टर पुसला आणि एक अख्खी विद्याशाखा चाटून खाल्ली. तांदळाचं पीठ, काही झालं नाही.

त्या बोर्डात विद्यार्थीही बसतात, हे मात्र मामंजींच्या गळ्याखाली उतरेना. मत देतात, मोठ्या माणसांच्या बरोबरीनं! त्यांनी ह्यांना फोन करून दोनदा खात्री केली. पोरं बसतात, म्हणजे कुठं, खालीच ना? नाही अप्पा, खुर्चीवर. आणि रेक्टरला हाक कशी मारतात? नुसत्या नावानं. त्या दिवशी मामंजी रसमभातावरून उठले ते दही न घेताच.

पण मावशी, एक गंमत झाली. पाठ करता करता ते विद्यापीठ मला आपल्यातलंच वाटायला लागलं. बघ ना, आधी साधी शाळा. मग कितीतरी वरसं दुसऱ्याच्या घरी फांदी म्हणून राहिली, ते म्हणतील ते ऐकलं, वरच्या परीक्षाही घेऊ दिल्या नाहीत. मोठी विद्यापीठं तिला विचारायची नाहीत. आणि मग हळूहळू तिनं आपलं घर मांडलं. सूनच की ग ती! मी नित्याला न्हाऊ घालताना तिला हीच गोष्ट सांगायची. बाकीच्यांची पोरं चिऊकाऊ ऐकतात, माझी पोर बोर्ड आणि विभाग ऐकून झोपते. स्वीडन म्हटलं की नळ सोडायचा कधी राहिला मला कळलंही नाही.

चेन्नईची तारीख मात्र मामंजींनी दोनदा पुढं ढकलली. पहिल्यांदा मी विभाग आणि विद्याशाखा उलटे सांगितले, माझी चूक, कबूल. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, रेक्टरला कोण नेमतं? मी म्हटलं, सरकार नेमतं, बोर्डानं नाव सुचवल्यावर. त्यांनी नित्याकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, कच्चं आहे अजून. मी बरोबर सांगितलं होतं ग! पण शिरस्तेदाराला चूक कोण म्हणणार? तुझा जावई तिकडून ओरडतोय, अप्पा, तिला कुणी काही विचारणार नाही, आणि हे म्हणतात, श्रीकर, तू तुझा लगदा बघ.

शेवटी गेल्या आठवड्यात गेलो. काचेमागं एक मुलगी होती, साईप्रिया म्हणून, छातीवर नाव होतं. नित्याचा फोटो काढताना डोळे उघडे हवेत म्हणे. पोरगी नेमकी तेव्हाच झोपली. मामंजी बाहेरच्या काचेला नाक लावून शिट्टी वाजवत होते, वॉचमन त्यांना दोनदा बाजूला करून गेला. फोटो झाला, माझी बोटं टेकवून झाली, आणि मग त्या मुलीनं विचारलं, कशासाठी जाताय? हाच तो प्रश्न, मी समजले. हात जोडले आणि सुरू केलं. मास्तरांची शाळा, मग फांदी, मग कॉलेज, दोन गावं, सरकार, बोर्ड, खुर्चीवरची पोरं. जीभ कुठंही चिकटली नाही, मावशी.  मागच्या रांगेतल्या एका माणसानं फोन खाली ठेवला. साईप्रियानं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमचे यजमान तिथं आहेत ना? मला तेवढंच लिहायचं होतं."

बाहेर आले तर मामंजींचे ओठ अजून हलत होते, काचेतून माझ्याबरोबर ते पण म्हणत होते. सही झाली का, कागद मिळाला का, काही विचारलं नाही. विचारलं ते हेच, खुर्चीवरच्या पोरांचं सांगितलंस का?

येताना गाडीत नित्या त्यांच्या मांडीवर झोपली. तुझं पापनाशम आलं, मी खिडकीतून तुझ्या घराच्या बाजूला नमस्कार केला. तेवढ्यात ते म्हणाले, "अजून थोडी तयारी हवी होती." मी म्हटलं, मामंजी, झालं ना सगळं, मी कुठं अडखळले पण नाही. ते पोरीच्या पायातला वाळा फिरवत राहिले. "तुझी झाली ग," म्हणाले. "माझी नाही झाली."

 तारीख का ढकलली, तेव्हा मला कळलं. सासूबाई गेल्यापासून ह्या घरात त्यांच्याशी बोलणारी मी आणि न बोलणारी नित्या, एवढंच तर आहे.

तर मावशी, तुझ्या आशीर्वादानं मी ठीक आहे, नित्या ठीक आहे, आणि आता मला भीती वाटत नाही. मामंजींचे उपकार मी कशानं फेडू? भीती घालवायला त्यांनी मला परदेशातलं अख्खं विद्यापीठ पाठ करून दिलं. दुसऱ्या सासऱ्यानं फार तर अंगारा लावला असता.

गुडघ्याला तेल लाव. सगळ्यांना विचारलं म्हणून सांग.

तुझी
हरिता

ता. क. भीती वाटत नाही म्हटलं ते दिवसाचं. वेखंडाची नवी माळ करून ठेव, पोरीच्या मनगटाला. आणि एक माझ्या मापाची.

आणखी ता. क. खरं काम हे. परवानगी आज सकाळी आली, पुढच्या महिन्यात निघायचं. आम्ही गेल्यावर रविवारी मामंजींना जेवायला बोलाव. एकटे असले की ते उभ्यानंच दहीभात खातात. उडदाच्या पिठाचं डांगर कर, त्यांना आवडतं. आणि विचार, स्वीडनचं ते विद्यापीठ म्हणजे काय हो? मग मध्ये बोलू नको. तुला ऐकू येत नाही ते बरंच आहे, मोठ्यानं सांगायला मिळालं की ते दोन घास जास्त जेवतात. कोलमचं पीठ जवळ ठेव.

शेवटचा ता. क. आत्ताच त्यांनी समोरून विचारलं, एवढं काय लिहिलंस, वाचून दाखव. मी म्हटलं, अजून पक्कं झालं नाही मामंजी, तिकडं गेल्यावर रोज सकाळी फोनवर माझी उजळणी घ्यावी लागेल, व्हिडिओवर, नित्याला मांडीवर घेऊन बसेन. ते म्हणाले, बरं, एकच प्रश्न सांग, रेक्टरला कोण नेमतं? मी म्हटलं, कलेक्टर. मावशी, किती दिवसांनी हसले. म्हणाले, हिला रोजच विचारावं लागणार.