नीमाच्या बांधीतला चिखल

प्रिय अंजू,

घरी सगळे मजेत आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मी मजेत नाही. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा आधी हिसकावतात, आणि शेजारची गिरजाबाई येऊन खाटेवर बसतेच. म्हणून कागदावर लिहून राहिली. या कागदाचा फोटो काढून पाठवायले मी शिकली आता, तुझ्या भावाच्या हाती देणार नाही.

तू टांझानियाच्या त्या खेड्यात शिकवायले गेली, तेव्हा आपल्या दिघोरीत सगळ्यात जास्त मीच मिरवलं. बाजारात वांगे निवडता निवडता सांगायची, माझी पोरगी आफ्रिकेत शिकवते, पगारही घेत नाही. कोणी म्हटलं की फुकटच शिकवायचं होतं तर आपली शाळा काय वाईट होती, तर मी त्याच्यावर तुटून पडायची. आता वर्ष संपत आलं, अन् तू आणखी एक वर्ष राहू काय म्हणून विचारलं. तेव्हापासून आपल्या शाळेचा तोच प्रश्न मले पडून राहिला.

अन् ती नीमा! ज्या बाईच्या घरी राहते, तिच्याशिवाय तुझं एक वाक्य पुरं होत नाही. नीमानं मक्याचा घाटा घोटायले शिकवला, नीमासोबत मासोळ्या साफ केल्या. अव माय, इथं मासोळी आणली की तू नाकाले ओढणी लावून अंगणात पळायची! चुलीवरचा भाताचा गंज उतरव म्हटलं तर तुझं पुस्तक संपत नव्हतं. गिरजाबाई तर तोंडावर म्हणाली, मंदे, तुझी पोरगी तिकडचीच झाली व. जळते मी. लपवून काय करू?

पण खरं पोट जळलं ते रोवण्याचा व्हिडिओ पाहून. तू गुडघाभर चिखलात, नीमाच्या बाजूले धानाचे परे रोवून राहिली होती. वाकडे रोवले, ते जाऊ दे. इथं मी तुले कधी धानाच्या बांधीत उतरू दिलं नाही. बाया हसायच्या, मंदाची पोरगी मॅडम आहे म्हणायच्या, तरी नाही. अन् शेवटचा परा रोवला की बांधीच्या मालकिणीच्या तोंडाले चिखल फासायची आपली रीत, ती तू तिकडच्या बायांले शिकवली आणि नीमाचे दोन्ही गाल माखले. ती तुले कवटाळून हसत होती. बाबा टाळ्या वाजवत होते. मी उठून चुलीपाशी गेली. माझ्या तोंडाले तू कधी चिखल लावला नाही, अंजू. मीच लावू दिला नाही, हेही खरं. पण तेवढ्यानं जळणं थांबते काय?

तुझ्या वर्गातली पोरंही पाहिली. एका बाकावर पाच-पाच, तू फळ्यावर हात ठेवला की सारी एका सुरात ओरडतात. चांगलं शिकवते तू. त्यांच्यावर काहून रागावू? नीमाही वाईट बाई नाही. माझ्यासाठी शेंगदाणे पाठवते म्हणाली ना? तिचा हा चांगुलपणाच मले जास्त खुपते.

परवा तू विचारलं तेव्हा खाटेवर गिरजाबाई होती, बाबा मान डोलवत होते, अन् मी म्हटलं, राहा ना बाई, मले काय. तू लगेच खूश झाली. इतकी लवकर, की मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते मी लोकांसमोर बोलली होती. आता एकटी बोलते. राहू नको. शाळेले दुसरी मॅडम भेटेल, तुझ्यासारखी नसेल पण भेटेल. नीमाच्या घरीही कोणी राहायले येईल. माझ्याकडे कोण येईल? लोक म्हणतील, आईनं पोरीच्या चांगल्या कामात खोडा घातला. म्हणू दे. तूही रागावशील. रागाव, पोटभर रागाव, पण इथं येऊन, माझ्यासमोर रागाव.

तुझीच जळकुकडी,
आई