हिरवी चिंधी, लाल चिंधी

मेहकर, ता. भालकी

प्रिय मेहुणे वीरण्णा यांना काशप्पाचे शरणु शरणार्थी. तुमची तब्येत, तुमच्या मंडळी नेत्रावतीची कंबर आणि लातूरचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (आमच्याकडचं पाणी उकळलेलं आहे. कामून, ते खाली येईल.) तुमची अक्का जेवतीया. विशेष हे की तुम्ही आमच्या पंचाक्षरीसाठी लातूरच्या दवाखान्यात जी नोकरी बघितलीत, तिथं त्याला ताबडतोब चिकटवा. पगार कमी असला तरी चालंल, पण पोरगं गावातून हलवा.

सतरा वर्षं फौजेत मलमपट्टीच्या कामावर होता, लढाई बघून आला, म्हणून आम्ही हलगी लावून त्याला वेशीपासून आणलं. दारात तो माझ्या पायाशी वाकला. मी आशीर्वादाला हात उचलला, तर ह्यानं माझा पायच उचलला आणि बॅटरी लावून बोटांच्या मधी बघितलं! म्हणतो, "अप्पा, चिखल्या झाल्यात. पाय गेला की शिपाई गेला." मी शिपाई न्हाई, तुरीचा शेतकरी आहे, हे त्याला अजून पटलेलं न्हाई.

मग शिट्टी सुरू झाली. दर बुधवारी शिट्टी वाजली की गावानं रांजण, पिंपं सगळं रिकामं करून घासायचं, कारण डास, आणि पाणी उकळूनच प्यायचं. आता आमच्याकडं नळ येतो आठवड्यातून एकदा, आणि तो येतो मंगळवारी. शेजारची नागव्वा भरलेल्या पिंपाच्या झाकणावर ठाण मांडून बसली, तर ह्यानं तिला गोडीगोडीनं उठवून आतल्या आळ्या दाखवल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत न्हाई (त्याच्याशी बोलती). अख्खा पावसाळा गेला, गावात कुणाला ताप न्हाई. भीमण्णा डॉक्टर (ह्याच्या डॉक्टरकीचा कागद कुणी बघितलेला न्हाई) घरी येऊन रडला, की सलाइनच्या बाटल्यांवर धूळ बसायलीय, पोराला आवरा. शेवटी मी ती शिट्टी विहिरीत टाकली. आता तो तोंडानं मारायलाय.

पण हद्द झाली ती बसव जयंतीच्या दासोहात, गावजेवणात. लढाईतली रीत म्हणे अशी, की जखमी पुष्कळ आले की चिंध्या बांधायच्या. लाल बांधली तो आधी, हिरवी बांधली तो थांबंल. आणि ओरडणाऱ्याला हिरवी, कारण ओरडतोय म्हणजे दम चाललाय. "तिकडं एक जण चहाचा गिलास धरून गप बसला होता, अप्पा. आम्ही ओरडणाऱ्याकडं गेलो," एवढंच सांगतो, पुढचं सांगत न्हाई. बरं, असंल. पण पंगतीत बसताना माझा गुडघा कळवळला, मी जरा आवाज केला (लोक म्हणतात भालकीला ऐकू गेला), तर ह्यानं सगळ्यांच्या देखत सख्ख्या बापाच्या मनगटाला हिरवी चिंधी बांधली! आणि लाल कुणाला? हुग्गीची खीर वाढणाऱ्या त्याच्या आईला. जिनं चाळीस वर्षांत 'दुखतंय' म्हणलेलं न्हाई, तिला! त्या दिवशी तर ती डाव्या हातानं वाढायली होती, त्यावरून मी तिला चारचौघांत झापलं पण होतं, की दासोह आहे, काही रीतभात? ह्यानं तिच्या हातातली पळी काढून माझ्या हातात दिली आणि तिला जीपमध्ये घालून नेलं. अख्ख्या पंगतीला हुग्गी मी वाढली, तसल्या गुडघ्यानं. असला पोरगा घरात कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा.

तुमचा,
काशप्पा

ता. क. चन्नव्वानं तुम्हाला कळवू नका म्हणून शपथ घातलीय, पण तुम्ही तिचे भाऊ. तिच्या उजव्या हातातून पळी निसटायली होती, म्हणून ती डाव्यानं वाढत होती. तोंड पण जरा वाकडं झालं होतं. कुणाला बोलली न्हाई. मी पुढ्यात बसलो होतो, मला रीत दिसली, हात दिसला न्हाई. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून दोन तास गेले असते तर... ते मला लिहवत न्हाई. कालपासून उजव्या हातानं भाकरी मोडायलीय.

ता. क. २. दवाखान्यातून आल्यावर आठ दिवस मी कुणाशी बोललो न्हाई. तोंडच उघडत नव्हतं. नवव्या दिवशी पंचाक्षरी जवळ येऊन बसला, माझी हिरवी चिंधी सोडली आणि लाल बांधली. अजून काढू देत न्हाई. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, तरी ती नोकरी दुसऱ्या कुणाला द्या.

ता. क. ३. अक्काला बघायला याल तेव्हा लातूरहून एक शिट्टी आणा, मोठ्या आवाजाची. मी मागवली म्हणू नका. आणि पाय धुऊन या.