गावदेवीच्या टाइल्स

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥

चिंचखार, ता. पनवेल
५ जून २०११

चि. सौ. अंकितास,
बळीराम मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वेल्सहून पाठवलेलं तुमच्या गावाचं पुस्तक मिळालं. आमच्या हरेशने अर्थासकट वाचून दाखवलं आणि माझं डोकं फिरलं. जेमतेम साठ घरांचं गाव तुमचं, आणि त्यावर छापील पुस्तक! दगडी पुलाला एक पान, चर्चच्या आवारातल्या म्हाताऱ्या झाडाला एक पान. ज्या भट्टीत शंभर वर्षांत कोणी चुना भाजला नाही, तिला म्हणे कठडा आणि पाटी!

आता आमच्याकडचं ऐक. नवा रस्ता गावदेवीच्या देवळावरून आखलाय. देऊळ जुनं ठरलं तर रस्ता वळवणार, नवं ठरलं तर पाडणार. पाहणीला एक साहेब आला. दारावरची फरशी वाचली, जीर्णोद्धार २००३, आणि सरळ लिहून घेतलं की बांधकाम २००३ सालचं. माझ्या पणजोबाचं लग्न या देवीसमोर लागलंय, असं मी ओरडून सांगितलं. तर म्हणतो कसा, काका, हे तर बाथरूमसारखं दिसतंय.

बाथरूम! एकेका घराने वर्गणी देऊन हौसेने लावून घेतलेल्या टाइल्स त्या, गुलाबी फुलांच्या. फरशीवर पहिलं नाव माझं आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. रागाने मला जेवण जात नाही. फोनवर धड रागावताही येत नाही, म्हणून पत्र.

जावयांना आशीर्वाद सांग. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बळीराम मामा


लॅनवेरिन, वेल्स
१९ जून २०११

तीर्थरूप मामांस,
अंकिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग मलाही संताप आला. पण साहेबाचा नाही, तुमचा! रागावू नका, मामीला भजी करायला सांगा आणि मग पुढचं वाचा.

हरेशदादाने पुस्तक चुन्याच्या भट्टीपाशीच मिटलेलं दिसतंय. पुढच्याच पानावर इथल्या चर्चची हकिगत आहे. जुन्या लोकांनी स्वच्छतेच्या हौसेने आतल्या भिंती पांढऱ्या रंगवून टाकल्या होत्या. पुढे पोपडे निघाले, तेव्हा आत चित्रं सापडली. आता गावातली माणसं चमच्याएवढ्या हत्याराने तो रंग खरवडतात. पोस्टातली बाई तर दर शनिवारी जाते.

मामा, टाइल्सच्या मागे काय आहे ते तुम्ही विसरलात का? गावातली प्रत्येक मुलगी सासरी जाताना देवळाच्या भिंतीच्या ओल्या चुन्यात एक शिंपला बसवून जायची. खिडकीजवळचा आईचा शिंपला ती मला दाखवायची. बाबा गेल्यावर ती मला घेऊन तुमच्या घरी आली, तेव्हा पहिला हात तिने त्या शिंपल्यावर ठेवला होता, अजून आठवतं.

माझं लग्न तुम्हीच लावून दिलंत, काही कमी पडू दिलं नाहीत. पण शिंपला घेऊन मी देवळात गेले, तर समोर गुलाबी फुलं. कुठे बसवणार? सगळ्यांना वाटलं, नवरी रडते ती सासरी जायचं म्हणून. तो शिंपला इथे माझ्या खिडकीत पडून आहे. फोडा त्या टाइल्स.

मामीला नमस्कार. माझ्यावर चिडलात तरी पत्राला खंड नको.

तुमची,
अंकिता


चिंचखार
१ जुलै २०११

चि. सौ. अंकितास, आशीर्वाद.

परदेशात जाऊन शहाणी झालीस! देवीच्या घरावर हातोडा चालवायचा? आणि तो मी? गावात नुसता विषय काढला, तर काशीराम गवंडी उठून चालता झाला. त्यानेच लावल्या होत्या त्या टाइल्स.

आणि शिंपल्याचं तेव्हाच का बोलली नाहीस? मी काय मेलो होतो? चार दिवस झोप नाही मला.

मामा


चिंचखार
२४ जुलै २०११

चि. सौ. अंकितास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

टाइल्स फोडल्या. आम्ही पुरुष बाहेर वाद घालत बसलो होतो. तेवढ्यात गंगाबाई, नव्वदीला टेकलेली, आत जाऊन उभी राहिली. म्हणाली, तुमी फोरा, देवीला रागवायचा आसंल त ती माजेवर रागवंल, माजा शिंपला आत हाय. मग काशीरामने स्वतःच छिन्नी घेतली.

खोटं कशाला सांगू, निम्मे शिंपले सिमेंटबरोबर तुटून आले. बाया रडल्या. काशीराम तर लहान पोरासारखा रडला. पण उरलेली भिंत, अंकिता, वरपासून खालपर्यंत शिंपलेच शिंपले. तुझ्या आईचा आहे. एक कड उडालीय, पण आहे.

साहेब पुन्हा आला. बायांनी आपापल्या आईचे, आजीचे शिंपले दाखवले. त्याने भिंतीवरून हात फिरवला, आधीचं साल खोडलं आणि देऊळ जुनं असल्याचं लिहिलं. सुनावणीत ते मान्य झालं. रस्ता आता पिंपळापलीकडून जाईल. बाथरूमबद्दल मात्र माफी मागितली नाही. तो राग मी सोडलेला नाही.

आणि आपल्या गावाची अक्कल बघ. दुसऱ्याच दिवशी हरेश आणि त्याची दोस्तमंडळी म्हणतात, भिंत उघडी बरी दिसत नाही, ग्रॅनाइट लावू! मी देवळाच्या दारात काठी घेऊन बसतो हल्ली. जेवणाचा डबा तिथेच येतो.

तुझ्या आईच्या शिंपल्याशेजारी बोटभर जागा मोकळी आहे. कुणाला तिथे हात लावू दिलेला नाही. माठात चुना भिजत घातलाय. भिजवलेला चुना पुष्कळ टिकतो म्हणतात, मी तितका टिकेन असं नाही. तुझा शिंपला घेऊन लवकर ये.

वाट बघणारा,
मामा