सातभाईंचा कलकलाट

आई,

तू या शहापूरच्या घरी एकदाच आली होतीस. तेव्हा मागे नुसते गोटे होते. आता तिथं लिंबू आहे, सीताफळ आहे, कडेनं मेंदीचं कुंपण आहे आणि त्या कुंपणात सातभाई पाखरांचा थवा. उजाडलं की सगळे एकदम भांडायला लागतात. हायवेच्या ट्रकांचा आवाजसुद्धा त्याखाली दबतो. पूर्वी चहा पिता पिता मी ते ऐकायची आणि विसरायची. पण मागच्या हिवाळ्यात तुझ्या जावयांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. आमचं लग्न ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, आवाज मोठा आहे, पण माणूस आतून मऊ आहे. त्यांच्या तोंडून आता "त, त" एवढंच निघतं. जवळच्या भंडाऱ्याहून एक मुलगी बोलण्याचा व्यायाम घ्यायला येते. पेला दाखवते, पाणी म्हणा म्हणते. हे पेल्याकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात आणि डोळे मिटून घेतात.

त्यांची खाट मागच्या खिडकीशी आहे. पाखरं ओरडली की ते डाव्या हातानं खाट बडवायचे. म्हणून मी पाखरांच्या मागे लागले. झाडांना चकचकीत फिती बांधल्या, पाण्याचं भांडं उचललं, थाळी वाजवत बागभर फिरले. ती शेजारच्या भिंतीवर जाऊन बसत आणि मी दार लावायच्या आत परत येत. थाळी वाजवताना मला आपल्या सिहोऱ्याच्या घरची एक सकाळ आठवे. जामाच्या झाडावर पोपट उतरलेत, तू चुलीपुढून उठून पिठाच्या हातांनी डबा बडवते आहेस आणि मी शेजारच्या गुरुजींना ऐकू जाईल म्हणून लाजून उभी आहे. तू वळून म्हणालीस, "काहून चूप उभी आहेस? तोंड शिवलं काय कोणी? आवाज कर ना." मी बारीकसं हुश केलं. तू हसलीसुद्धा नाहीस. तव्यावरची भाकर तोवर करपली होती, ती तूच खाल्लीस.

एका सकाळी मी बागेत थाळी घेऊन उभी होते आणि आतून आवाज आला. "चूप बसा ना बे." स्पष्ट, जुन्याच आवाजात. मला वाटलं पुढच्या दारानं कोणी आलं. धावत गेले, तर हे खिडकीकडे बघत होते, चेहरा लाल झालेला. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी तोंड उघडलं आणि "त, त". त्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, असं होतं, रागातले शब्द आपोआप सुटतात, मुद्दाम म्हणायला गेलं की सापडत नाहीत. मला मात्र त्या शब्दांत त्यांचा त्रासच ऐकू आला. मी माणूस बोलावला. कुंपणात घरटं नाही ना, हे आधी हातानं चाचपून पाहिलं आणि मेंदी गुडघ्याएवढी छाटून घेतली. पाखरं गेली.

मग घर असं शांत झालं की मला बसवेना. घासलेली भांडी पुन्हा घासायची, बागेत जायची, परत यायची. हे खिडकीकडे तोंड करून पडलेले. खाट बडवत नव्हते, चिडत नव्हते, पेला दाखवला तर तोंडही उघडेनात. एका दुपारी त्यांना भात भरवता भरवता मी विचारलं, "तुम्हाले ते पाखरं पाह्यजे होते काय?" त्यांनी डावा हात हळूहळू खिडकीकडे नेला.

तेव्हापासून मी छाटलेल्या मेंदीशी रोज शिळा भात टाकते, भांड्यात पाणी भरते. कितीतरी दिवस नुसते कावळे आले. मेंदीला पालवी फुटली तशी दोन सातभाई दिसले, मागोमाग सगळा थवा. शेजारीण विचारते, आधी हाकलत होत्या, आता जेवू घालून राहिल्या, असं कसं? मी भात टाकत राहते. आता रोज सकाळी खिडकीतून यांचं चालू असतं. भागा ना बे. काय लावलं आहे. परवा तर म्हणाले, "भात संपला, जा आता." पाणी अजून म्हणता येत नाही.

तू असतीस तर हा कागद पाठवला असता; आता घडी करून साड्यांखाली ठेवीन, दुसरं काय करणार. पण एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. हे पाखरांवर ओरडायला लागले की मी लगेच आत जात नाही. ओट्याशी उभी राहून ऐकते. इतके शब्द त्या पाखरांना मिळतात आणि मला अजून एकही नाही. मला त्यांचा हेवा वाटतो, आई.