शिगेचं मापटं

सातारा, ता. ८ जानेवारी १९४७

तीर्थरूप सौ. हरणाअक्का हिला धाकट्या आकारामचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावलीसच तर तो दाजींवर काढ. गुळाच्या पेठेत दिवसभर ढेपा तोलतात, त्यांना ओझ्याची सवय आहे.

उशिराचं कारण सांगतो. या महिन्यात पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब आमची शाळा तपासायला यायचे आहेत. माझी नेमणूक अजून तात्पुरती. हेडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, की साहेबांना माझा पाठ पसंत पडला तर मी कायम, नाही तर जूनपासून दुसरा शास्त्रशिक्षक. आपल्या घरातला पहिला मास्तर मी. मला गाठोडं बांधून परत यायचं नाही, अक्का.

पाठ ठरला आहे. प्रत्येक पदार्थ बारीक कणांचा बनलेला असतो आणि कणांच्या मध्ये मोकळी जागा असते. पाणी आणि स्पिरिट एकेक माप घेऊन मिसळलं, तर ते दोन मापांना कमी भरतं, कारण एकाचे कण दुसऱ्याच्या फटींत शिरतात. पण हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून आधी जोंधळा आणि मोहरी मिसळून तेच दाखवायचं. खोलीवर पेल्यानं करून पाहिलं, झकास जमलं. पेला मात्र इवलासा, मागच्या बाकांना दिसायचा नाही. तेव्हा आईचं धान्य मोजायचं मापटं, जोंधळा आणि मोहरी पाठव. रेशनचे दिवस आहेत हे मला ठाऊक आहे. दाणा वाया घालवणार नाही.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती तपासणीपर्यंत जरा जास्त असू दे.

तुझा,
आकाराम

सांगली, ता. १५ जानेवारी १९४७

चि. आकाराम मास्तर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मीच तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. औंधच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ते असं कामी येतं. दोन मापं मिसळून दोनाला कमी भरतात हे ऐकून ते खो खो हसले. पेठेत असलं माप दावलं तर गिऱ्हाईक मला उभा फोडंल, म्हणाले. हसू देत. तू सांगतोस म्हणजे खरंच असणार.

आपला चुलतभाऊ कृष्णात पुढच्या आठवड्यात मोटारीनं तिकडे येतोय. त्याच्याबरोबर दाणे दोन पाठांना पुरतील एवढे देते. काम झाल्यावर चाळणीनं चाळून घे. मापटं मात्र परत पाठव. आईची तेवढीच वस्तू माझ्यापाशी आहे. शेजारीण मागायला आली तरी मी ते देत नाही. आणि ते रितं ठेवू नकोस. आई त्याच्या तळाशी चार दाणे ठेवायचीच. खळ्यावर कुणालाही दाणे घालताना तिनं काठावरची शीग मोडली नाही, आठवतंय ना?

कायम झालास की अख्ख्या आळीत पेढे वाटीन. नाही झालास तरी माझा मास्तरच आहेस. पण हो बाबा कायम.

आमची आठवण पाठ झाल्यावर ठेवलीस तरी चालेल.

तुझी,
हरणाअक्का

सातारा, ता. २९ जानेवारी १९४७

तीर्थरूप अक्का हिला आकारामचा शि. सा. न. वि. वि.

पेढ्यांचं शेवटी सांगतो. मधलं वाचल्याशिवाय शेवट बघायचा नाही, तुला आईची शपथ.

काल तपासणी झाली. कृष्णात ठरल्यापेक्षा उशिरा, आदल्या रात्री पोचला, त्यामुळे मापट्यानं करून बघायला वेळच मिळाला नाही. साहेब मागच्या बाकावर बसले. मी मापटं जोंधळ्यानं भरून परातीत ओतलं, मग मोहरीनं भरून ओतलं, दोन्ही कालवलं. मुलांना सांगितलं, की आता दोन मापटी भरणार नाहीत. मग फूटपट्टीनं काठ सपाट करत मोजायला लागलो. एक भरलं. दुसरं भरलं. आणि परातीत ओंजळभर उरलं! कमी व्हायचं सोडून वाढलं. मुलं हसली. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, की साताऱ्यात पदार्थ वाढतात काय.

दाणे दमट होते, अशी थाप मारावी असं क्षणभर वाटलं. नाही मारली. चूक कुठं झाली, असं मुलांनाच विचारलं. तेव्हा सिद्धू म्हणून एक विद्यार्थी उठून म्हणाला, गुरुजी, तुमी घालताना शीग लावली आन् काढताना पट्टी फिरीवली, मग वाढंल न्हाई तर काय हुईल!

अक्का, खरंच लावली होती. मापटं हातात आलं की माझा हात आईचा होतो. सगळ्या वर्गानं पाहिलं होतं, पण दाणे घालताना शीग असायचीच, त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं. साहेबांना मात्र शीग ठाऊकच नव्हती. काठावर उभी राहणारी दाण्यांची रास मी त्यांना करून दाखवली. म्हटलं, आमच्याकडे देताना ही मोडत नाहीत, माझ्या आईनं जन्मभर मोडली नाही. पण शास्त्राला घालताना नि काढताना काठ सारखाच लागतो. मग तू दिलेले उरलेले दाणे घेतले, दोन्ही वेळा पट्टी फिरवली आणि पुन्हा मोजलं. दुसरं मापटं चांगलं बोटभर कमी भरलं. स्पिरिट-पाणीही तसंच कमी भरलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांनी शेरा लिहिला, की या शिक्षकाने चूक लपवली नाही, वर्गाकडून शोधून घेतली. मी कायम झालो, अक्का! पेढे वाट.

आता एक मागणं, जीभ रेटत नाही. हेडमास्तरांना आईचं मापटं शास्त्राच्या काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. दरवर्षी हा पाठ त्याच मापट्यानं व्हावा, आणि खाली आईचं नाव लिहावं, असं म्हणतात. तुला विचारल्याशिवाय मी हो म्हटलेलं नाही.

रागावलीस तरी आपलं म्हण.

तुझा कायम झालेला,
आकाराम

सांगली, ता. ७ फेब्रुवारी १९४७

चि. आकाराम यास अक्काचे शीग लावून आशीर्वाद. वि. वि.

शेवट आधीच बघितला. शपथ मोडली, आई काही रागवायची नाही. आळीभर पेढे झाले. तुझे दाजी तर पेठेत ज्याला त्याला अडवून सांगतात, आमच्या म्हेवण्यानं सायबाला शीग दावली. मलाही तुझा फार अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

मापट्याचं वाचलं. देणार नाही असंच ठरवलं होतं. मग औंध आठवलं. आई तुझी भाकरी घेऊन यायची नि शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. आतलं मला काय कळतंय, तुमी जावा, म्हणायची. आता तिचं नाव आत लागणार, तेही काचेच्या कपाटात. आपली आई, धोंडुबाई, शाळेत गेली रे, आकाराम!

ठेव मापटं. पण हेडमास्तरांना सांग, रितं ठेवायचं नाही, तळाशी चार दाणे असू देत. आणि दरवर्षी पाठ संपला, की पट्टी बाजूला ठेव, ते शीग लावून भर आणि ज्याच्या घरी दाणे कमी असतील त्या पोराच्या पिशवीत ओत. जोंधळा मी पाठवत जाईन.

तुझी,
हरणाअक्का