खालचा बर्थ, डब्याच्या मधोमध

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून अकरा दिवस झाले. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीस, दवाखान्याजवळची खोली बघितलीस, पायऱ्या किती तेही कळवलंस. शेवटी लिहिलंस की तू स्टेशनवर येणार नाहीस आणि खोलीवरही नाही, बाबांचं काय ते मीच बघायचं. ती एक ओळ सध्या बाजूला ठेवतो. आधी तिकिटाचं सांगतो.

तिकिटाच्या खिडकीवर मी तीनदा गेलो आणि तीनदा रिकाम्या हाताने परत आलो. फॉर्म भरलेला असतो, अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. पण बर्थ कुठला, या रकान्यापाशी हात अडतो. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, एक रात्र झोपायचंय की जन्मभर राहायचंय?" मागची रांग हसली. मीही हसलो आणि फॉर्मची घडी करून खिशात घातली.

त्यांना काय सांगणार? तुलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही. बाबा आता दिवसातून चार-पाचदा त्यांच्या जुन्या रेल्वे अटेंडंटच्या कामावर जातात, घरातल्या घरात. दुपारी शेजारचे शिंपीकाका आडवे झाले की हे उघड्या दारातून आत जातात, पलंगाच्या कडेवर दोन बोटं वाजवतात आणि सांगतात की उठा, दहा मिनिटांत तुमचं स्टेशन येतंय. पहिल्या दिवशी शिंपीकाका खेकसले. आता मुकाट्याने उठून बसतात, बरं झालं सांगितलंत म्हणतात, आणि बाबांची पाठ वळली की पुन्हा डोकं टेकतात. असा शेजारी नशिबाने मिळतो. पण डब्यातले लोक थोडेच शिंपीकाका असणार?

म्हणून आधी मी दोघांचीच बंद खोली घ्यायची ठरवली होती. कडी लावली की कटकट मिटली. तुला आठवतं, वर्षातून एकदा बाबांच्या रेल्वे पासावर जायचो तेव्हा तू त्या बंद खोल्यांसाठी हटून बसायचीस? बाबा म्हणायचे, तिथे एक तर नुकतं लग्न झालेले झोपतात, नाही तर नुकतेच भांडलेले. आपण कशातच बसत नाही. मग वरचा बर्थ तुला, मधला मला, खालचा आईला, आणि बाबा स्वतः रजेवर असूनही दारापाशी अटेंडंटच्या त्या छोट्या आसनावर. मला गाडीत झोप कधीच यायची नाही. खिळे मोजायचो, साखळी नीट अडकली आहे ना ते चाचपून बघायचो. तुझा हात वरून लोंबकळत असायचा, त्याचं करंगळीचं टोक धरलं की बरं वाटायचं. तू मात्र गाडी हलली की ठार झोपायचीस. आई म्हणायची, हिला गादीसकट उचलून नेली तरी कळायचं नाही.

बाबांनी मला तिथेच पांघरुणाची घडी शिकवली. कड आत गेली पाहिजे, बाहेर दिसता कामा नये. झोपलेल्याला हात लावायचा नाही, माणूस दचकतो, हेही तिथलंच. शाळा माझी आठवीत सुटली, पण हे शिक्षण पुरं झालं. आमच्या पाट्या रंगवायच्या दुकानाचे मालक म्हणतात, तुझ्या हातून वाकडी रेघ जात नाही. त्यात माझं काय आहे? सगळं बाबांचंच आहे.

तर बंद खोलीची मी घरी तालीम करून बघितली. परवा दुपारी बाबांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आत त्यांच्याजवळ बसलो. पाच मिनिटं शांत गेली. मग ते उठून दाराशी गेले. कडी त्यांच्या हाताला लागेना. घामाने सदरा भिजला आणि सारखं एकच, लोकं झोपलीत रे, लोकं पुढे जातील. मी दार उघडलं तेव्हा ते लहान मुलासारखे माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. बंद खोली तिथेच रद्द केली.

आज सकाळी चौथ्यांदा गेलो. बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी बराच वेळ शोधलं आणि उघड्या डब्यात अगदी मधोमध, दोन्ही दारांपासून सारखे लांब, समोरासमोरचे दोन खालचे बर्थ दिले. म्हणाल्या, उठवू द्या की त्यांना, ज्याला झोपायचंय तो परत झोपेल. दुकानात येऊन मी वीतभर पुठ्ठ्यावर निळ्या रंगात लिहिलं: 'कृपया रागावू नये. हे पूर्वी याच गाडीवर कामाला होते.' वाळत ठेवलंय.

आता ती ओळ. बाबांनी नर्सिंगला नको म्हटलं आणि तू निघून गेलीस, त्याला आठ वर्षं झाली. पहिल्याच पत्रात तू लिहिलंस की नशिबाने नेमकी त्यांचीच ड्यूटी त्या डब्यावर होती, त्यांनी तुला कोणा परक्यासारखं 'उठा, तुमचं स्टेशन आलं' म्हणून उतरवलं आणि दार लावून घेतलं. ताई, त्यात नशीब नव्हतं. त्या रात्री त्यांची ड्यूटी दुसऱ्याच गाडीवर होती. तू कुठल्या गाडीने निघालीस ते कोणाला सांगणार नाही अशी तुझी शपथ घेतली होती मी, आणि दुपारच्या आत बाबांना सांगून मोकळा झालो. वाटलं, ते तुला अडवतील. त्यांनी फक्त गाडी आणि डबा विचारला. मग म्हणाले, "ती झोपली की उठत नाही. स्टेशन निघून गेलं तर कुठं उतरेल पोरगी?" आणि गणवेश चढवून ड्यूटी बदलून घ्यायला गेले. परत आल्यावर मला बजावलं, "तिला कळू देऊ नकोस. मी एक शब्द जास्त बोललो असतो तर ती मागे फिरली असती." पण मी गप्प राहिलो ते त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मी शपथ मोडली हे कळलं तर तू मला लिहिणं बंद करशील, ही भीती होती. तुझी पत्रं येत राहावीत म्हणून आठ वर्षं मी बाबांना तुझ्या लेखी परकं ठेवलं. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो होतो. यापुढे मला लिहायचं की नाही ते तू ठरव. बाबांसाठी मात्र स्टेशनवर ये. शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटं, डबा सात, बर्थ तेहेतीस आणि छत्तीस. ते लगेच ओळखतील असं नाही, थोडं थांबावं लागेल. तेव्हा ती गाडी पुढे जायची, आता तुझ्या शहरातच संपते, म्हणून धावपळ करू नकोस. सगळे उतरून गेले तरी आम्ही दोघं डब्यातच बसून राहू.

तुझाच,
धाकटा