ई आणि ऊच्या मधलं नाव

३ जानेवारी
संकल्प: नातीचं नाव बिनचूक म्हणायचं. एप्रिलमध्ये चिरंजीव, सूनबाई आणि ती, तिघं परदेशातून येणार, तेव्हा दारातूनच हाक मारायची. नाव इथे लिहीत नाही, कारण ते सूनबाईच्या भाषेतलं, त्यातल्या स्वराला आपल्याकडे अक्षरच नाही. मागच्या वेळी मी सरळ ऊ ठोकून दिला. नात ढिम्म. सूनबाईचा चेहरा पडला. तेव्हापासून तिचे फोन बंद आहेत, ते माझ्या ऊमुळेच.

७ जानेवारी
व्हिडिओ सापडला. जीभ ई म्हणायला ठेवायची, ओठ ऊसारखे गोल करायचे, बस. कितीतरी भाषांत शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात. दोन दिवसांचं काम.

१५ जानेवारी
ओठ गोल केले की जीभ मागे पळते. जीभ आवरली की ओठ फाकतात. दोघांचं पटतच नाही. गॅलरीत सराव करत होतो, समोरच्या बाईंनी धाडकन खिडकी लावली. ही म्हणाली, आत या आधी. ही स्वतः नातीला चिमणी म्हणते. याला पळवाट म्हणतात.

२ फेब्रुवारी
चिरंजीवांचा फोन. कशा आहेत दोघी, विचारलं. म्हणाला, ती हल्ली तिच्या आईकडे असते. म्हणजे सूनबाई माहेरी. छान, जावं अधूनमधून. मग नातीला दे म्हटलं, तर गप्प. रेंज गेली असणार. ही बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती, डोळे पुसत. कांदा म्हणाली. कांदे कालच संपलेत.

८ मार्च
जमलं! चहा फुंकत होतो, कपात माशी दिसली, ई म्हणायला गेलो आणि तोच स्वर बाहेर! लगेच नाव म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. हिला रडू आलं. आनंदाने.

२७ मार्च
तिकीट एकच काढलं, चिरंजीव म्हणाला. बाकीची दोन सूनबाईच्या ऑफिसने काढली असतील. हिने एकच गादी उन्हात टाकली. विसराळू झालीय. उरलेल्या मी टाकल्या.

११ एप्रिल
टॅक्सी थांबली. दारातूनच खणखणीत हाक मारली. बिनचूक. चिरंजीव एकटाच उतरला. मी मागच्या सीटवर वाकून पाहिलं. बॅग होती. न जाणो, म्हणून पुन्हा हाक मारली. तो पायरीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. म्हणाला, बाबा, अगदी तिची आई म्हणते तसं म्हणालात.
दोघं वेगळे झालेत. नात आईकडे राहणार, कोर्टाने सांगितलंय. हिला जानेवारीपासून माहीत होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, तुम्ही सराव करत होतात.

१२ एप्रिल
आज सराव नाही. ओठांना विश्रांती हवी. दाढी करताना ओठ आपोआप गोल झाले. जीभही नेमकी जागेवर. आवाज काढला नाही. चिरंजीव बाहेरच बसलाय.